बिल्डिंगला मोहोळ बसलं: काढायचं की राहू द्यायचं, हे कसं ठरवावं

दिवाळी उलटली की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, आमच्या बिल्डिंगला मोहोळ बसलंय. आजच्या आज काढणारा कुणी आहे का?" सोबत सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा एक अंधुक फोटो. छज्जाखाली काळपट तपकिरी काहीतरी लोंबतंय, एवढंच त्यात दिसतं. पुण्यात गेली बारा-तेरा वर्षं मी मधमाश्यांच्या नादात आहे. गच्चीवर सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत आणि आसपासच्या सोसायट्यांमध्ये कुणी बोलावलं तर मोहोळ बघायला जाते. काढायला नाही, बघायला. ते मोहोळ कुठल्या माशीचं आहे, किती दिवस राहणार आहे आणि त्याला कशाकशाचा धक्का लागू शकतो, एवढं नीट कळलं की काढायचं की नाही याचं उत्तर बहुतेक वेळा समोर येतं. हे न बघता घेतलेला निर्णय मात्र माशांनाही महागात पडतो आणि माणसांनाही.

दारात पहिल्यांदाच मोहोळ आलेल्या सेक्रेटरीसाठी, वॉचमनसाठी, शाळेतल्या शिक्षकांसाठी, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूसाठी हे लिहिते आहे. यातल्या एकाही पायरीसाठी मोहोळाजवळ जावं लागत नाही. जावं लागणार असेल तर ते काम तुमचं नाही, पोशाख आणि सराव असलेल्या माणसाचं आहे.

पहिला तास: कुणी काही करायचं नाही

मोहोळ दिसलं की लगेच करण्यासारखं फार थोडं असतं. त्याच्या लगतच्या खिडक्या आणि गॅलरीची दारं बंद करायची. नेमकी खाली कुणाची ये-जा असेल, मुलं खेळत असतील, सायकली लागत असतील तर ती जागा दोरी बांधून मोकळी ठेवायची. वॉचमनला, सफाईवाल्या मावशींना, पेपर टाकणाऱ्या मुलाला, कचरा नेणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून सांगायचं. ते सोसायटीच्या ग्रुपवर नसतात, आणि सकाळी सगळ्यात आधी त्या खालून तेच जातात.

दगड मारायचा नाही, पाण्याचा पाइप सोडायचा नाही, झुरळांचा स्प्रे मारायचा नाही. खाली कचरा पेटवून धूर करायचा नाही. मधपाळ धूर वापरतात ही गोष्ट खरी, पण तो धूर थंड आणि मोजका असतो, आणि देणाऱ्याच्या अंगावर पूर्ण पोशाख असतो. पेटलेल्या कचऱ्याची धग वर गेली की माशांसाठी ती आगच. ड्रोन उडवून जवळून व्हिडिओ घ्यायचा मोह हल्ली फार होतो, तोही टाळायचा.

मग फोन उचलायचा. पण माणूस बोलवायला नाही, फोटो काढायला. बंद काचेच्या आतून किंवा समोरच्या इमारतीतून, झूम करून, फ्लॅश न लावता. एक जवळचा फोटो, एक लांबून पूर्ण भिंत दिसेल असा, आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. एवढ्यावर पुढची अर्धी पारख होते.

ओळख पटवा: सगळ्या माश्या आग्या नसतात

मला आलेल्या फोनांमध्ये निम्म्याहून जास्त लोक "आग्या मोहोळ" म्हणतात. जाऊन बघावं तर कधी फुलोरी असते, कधी गांधीलमाशी, आणि एकदा तर कुंभारमाशीचं मातीचं बोटभर घर होतं. ओळख चुकली की पुढचं सगळंच चुकतं, म्हणून इथे घाई करू नका.

आग्या माशी आपल्याकडच्या मधमाश्यांमध्ये सगळ्यात मोठी, पाऊण इंचाच्या आसपास लांब. तिचं पोळं एकच असतं आणि ते उघड्यावर लटकतं: छज्जाच्या खाली, पाण्याच्या टाकीच्या बुडाला, उंच वडा-पिंपळाच्या आडव्या फांदीला, पुलाच्या पोटाला. आकार अर्धवर्तुळासारखा, मोठं असेल तर रुंदी तीन-चार फुटांपर्यंत जाते. लांबून तुम्हाला जे काळं-तपकिरी दिसतं ते पोळं नसतं. ते माशांचं पांघरूण असतं. हजारो माश्या एकमेकींना धरून पोळ्यावर थरावर थर लावून बसलेल्या असतात, आणि पोळं त्यांच्या आड पूर्ण झाकलेलं असतं. भरल्या मोहोळात पन्नास हजारांवर माश्या असू शकतात. हीच माशी अजिंठ्याच्या कड्यावर असते, गडकिल्ल्यांच्या बुरुजांना असते. तिच्या लेखी तुमची बारा मजली इमारत म्हणजे एक कडाच आहे: उंच, सरळ, वर पावसापासून आडोसा. सोसायटीवाल्यांना वाटतं माश्या आपल्याकडे घुसल्या. माझ्या मते आपण कडे बांधले आणि त्या कड्यांना राहायला आल्या.

सातेरी तिच्याहून बरीच लहान, अंगावर काळे-पिवळे पट्टे. ती उघड्यावर राहत नाही. झाडाच्या ढोलीत, भिंतीतल्या पोकळीत, बंद पडलेल्या पाइपमध्ये, मीटरच्या पेटीत, माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेत ती एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधते. बाहेरून फक्त एक भोक आणि त्यातून चाललेली ये-जा दिसते. ही पेटीत पाळली जाते. महाबळेश्वरच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या मधपाळांनी सांभाळलेली माशी हीच, आणि 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालेलं मांघर उभं आहे तेही हिच्याच जिवावर. भिंतीत सातेरी निघाली तर ती चांगली बातमी समजा, कारण जाणकार माणूस तिला पोळ्यांसकट पेटीत घालून नेऊ शकतो.

फुलोरी आणखी लहान. मेंदीच्या कुंपणात, बोगनवेलीत, गॅलरीतल्या वाळत घालायच्या तारेवर तळहाताएवढं एकच पोळं. पोळं फांदीला नुसतं लटकत नाही, फांदी त्याच्या वरच्या भागातून आरपार गेलेली असते. स्वभावाने गरीब. माझ्या शेजारच्या आजींच्या तुळशीमागे फुलोरी तीन महिने होती आणि आजी रोज पाणी घालत होत्या.

चौथी अगदी मुंगीएवढी, काळी, नांगी नसलेली माशी. काही भागात तिला पोया म्हणतात. भिंतीच्या फटीतून मेण आणि डिंकाची एक बारीक नळी बाहेर आलेली दिसते, तोच तिचा दरवाजा. तिला काहीही करायची गरज नाही. दुर्दैवाने रंगारी पुट्टी भरताना तीच नळी आधी बंद करतात. रंगकाम करणार असाल तर तेवढं त्यांना सांगून ठेवा.

आता मधमाशी नसलेल्यांची ओळख. गांधीलमाशी सडसडीत, कंबर बारीक, अंगावर लव जवळजवळ नाही. तिचं घर मेणाचं नसतं, चावलेल्या लाकडाच्या लगद्याचं, राखाडी कागदासारखं असतं. कुठे उघडी छत्रीसारखी चकती, कुठे भोपळ्यासारखा बंद गोळा. ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते, कारण तिची नांगी आपल्या कातडीत अडकून राहत नाही. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, ती रुतली की माशी पोट फाटून मरते. म्हणून मधमाशीचा डंख हा तिचा शेवटचा उपाय असतो. आणि लाकडी खांबात सुबक गोल भोक पाडून एकटाच घुमत राहणारा जाडजूड काळा कीटक म्हणजे भुंगा. त्याचं मोहोळ नसतं, त्याला घाबरायचं काही कारण नाही.

थवा बसलाय की मोहोळ?

एका शाळेच्या फाटकाजवळच्या आंब्यावर सकाळी माशांचा फुटबॉलएवढा गोळा बसला. शाळेने त्या दिवशी ते फाटक बंद ठेवलं आणि मागच्या दाराने मुलांना आत घेतलं. माणूस बोलावला होता, तो यायच्या आतच, दुसऱ्या दिवशी दुपारी, गोळा उठून निघून गेला. तो थवा होता. जुन्या वसाहतीतून फुटून किंवा लांबचा प्रवास करताना माश्या अशा मधेच विसाव्याला थांबतात. तिथे त्यांचं पोळं नसतं, पिल्लं नसतात, राखायला मध नसतो, आणि म्हणून त्या सहसा शांत असतात. सातेरीचा थवा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत जातो. आग्याचा थवा कधी कधी जास्त दिवसही थांबतो.

फरक ओळखायला दुर्बीण लागते. साधी, पक्षी बघायला वापरतात ती पुरते. माश्या बाजूला सरकल्या की पांढरट मेणाची कड दिसते का ते बघा. नवं पोळं पांढरंशुभ्र असतं, जुनं तपकिरी होत जातं. परत येणाऱ्या माशांच्या मागच्या पायांवर परागाचे पिवळे-केशरी गोळे असतील तर आत पिलावा, म्हणजे वाढणारी पिल्लं आहेत. पिलावा असला की माशांना राखण्यासारखं काहीतरी असतं, आणि मुक्काम पुढे बरेच आठवडे असणार हेही नक्की होतं.

पहिल्या दोन दिवसांत पैसे भरून कुणाला बोलावू नका असं मी सांगते ते यासाठीच.

तीन दिवस वही घेऊन बसा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला विचाराल तर सगळ्यात उपयोगाची हीच. दिवसातून तीनदा, सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, दहा-दहा मिनिटं बघायचं. बंद काचेमागून असेल तर कुठूनही. उघड्यावर उभं राहायचं असेल तर आग्याच्या बाबतीत मी स्वतः वीस मीटरच्या आत जात नाही. कपडे फिकट रंगाचे, अंगावर अत्तर नाही, केस बांधलेले, आणि मागे पळायला दार कुठे आहे ते आधी बघून ठेवलेलं.

लिहायचं काय? मजला आणि दिशा. आकार, अंदाजे: स्लॅब ते स्लॅब साधारण दहा फूट असतात, खिडकीची चौकट चार-पाच फूट, त्यावरून हिशेब करता येतो. माश्या उडतात आणि उतरतात ती पोळ्याची बाजू कुठली आणि तिथून त्यांची वाट कुठल्या दिशेला जाते. आग्याच्या पोळ्याचा खालचा भाग जास्त वर्दळीचा असतो. ही हवेतली वाट बाराव्या मजल्यावरून सरळ टेकडीकडे जात असेल तर खालच्यांचा तिच्याशी काही संबंध येत नाही. तीच वाट समोरच्या विंगच्या गॅलरीतून जात असेल तर त्या घरांशी बोलावं लागतं.

आग्याच्या पोळ्यावर अधूनमधून एक लाट जाताना दिसेल. शेतातल्या पिकावरून वारा जावा तशी चमक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते. माश्या ओळीने पोट वर उचलतात, त्याची ती लाट. मोठ्या गांधीलमाशीला हाकलायचा तो त्यांचा मार्ग आहे. बघायला फार सुंदर. पण तुम्ही हललात की लाट येते असं वाटलं, तर तुम्ही जास्त जवळ आला आहात. सावकाश, हात न हलवता मागे या.

याच तीन दिवसांत काही जण घाबरून फोन करतील की गाड्यांवर, वाळत घातलेल्या चादरींवर पिवळे ठिपके पडलेत. माश्या एकत्र उडून विष्ठा टाकतात, ते परागाचे ठिपके असतात. पाण्याने धुतले जातात, अपाय काही नाही. दुसरी तक्रार रात्रीची: दिव्याभोवती माश्या येतात आणि सकाळी फरशीवर पडलेल्या सापडतात. आग्या चांदण्यात फुलांवर जाऊ शकणारी माशी आहे, आणि उघडा दिवा तिला खेचतो. मोहोळाजवळच्या खोल्यांमध्ये सूर्यास्तानंतर पडदे ओढले, गॅलरीतला दिवा बंद ठेवला की ही तक्रार बरीच कमी होते. फरशीवरची माशी मेल्यासारखी दिसली तरी अनवाणी पाय पडला तर नांगी रुतते, म्हणून सकाळी आधी झाडू.

धक्का कशाचा लागेल? इथे सगळा निर्णय आहे

मोहोळ केवढं मोठं आहे यावरून लोक धोका मोजतात. मी तसा मोजत नाही. टाकीखाली चार फुटांचं पोळं असेल आणि वर्षभर तिथे कुणी फिरकत नसेल, तर ते लिफ्टच्या खोलीच्या दारावर बसलेल्या वीतभर पोळ्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतं. माशी उगाच अंगावर येत नाही. पोळं हललं, धूर-धग लागली, जवळ काही आदळलं, किंवा आपल्यातली एक चिरडली गेली की येते. डंखाबरोबर एक गंध सुटतो. त्यात आयसोपेंटिल ॲसिटेट असतं, वासाला पिकल्या केळ्यासारखं. त्या गंधाने बाकीच्या माशांना नेमकी जागा कळते. म्हणून पहिली माशी चावली की तिथेच उभं राहून तिला मारत बसणं सगळ्यात घातक.

तर कागदावर इमारतीचं साधं चित्र काढा, मोहोळाची खूण करा आणि भोवती काय काय होणार आहे ते लिहीत जा. एसीचं बाहेरचं युनिट किती फुटांवर आहे, त्याची सर्व्हिसिंग कधी आहे? टाकी धुवायचा दिवस? जनरेटरचा धूर कुठे जातो? डिशची वायर दुरुस्त करायला कुणी गच्चीच्या कठड्यावर वाकणार आहे का? काचा पुसायला, गळती काढायला दोरीवरून कामगार उतरणार आहेत का? संक्रांतीला गच्चीवर पतंग उडतात का? पतंगाचा मांजा पोळ्याला घासला की काय होतं ते एकदा बघितलेला माणूस विसरत नाही. आवारात लग्न आहे का, फटाके लागणार का, होळी कुठे पेटते? शेजारच्या प्लॉटवर पालापाचोळा जाळतात का?

एका सोसायटीतली गोष्ट. नवव्या मजल्याच्या छज्जाला डिसेंबरपासून आग्या होती. मी जाऊन बघितलं, खाली बंद डक्ट होता, कुणाला त्रास नव्हता, राहू द्या म्हणाले. मार्चमध्ये इमारतीचं रंगकाम निघालं. ते आधीच ठरलेलं होतं, पण मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. रंगाऱ्यांचा झुला वरून उतरला, दोर पोळ्याला लागला. दोघे जण झुल्यावर लटकलेले, सुटायला वाट नाही. वरच्या माणसांनी प्रसंगावधान राखून झुला आठव्या मजल्याच्या गॅलरीपाशी नेला आणि आतल्या बाईंनी दार उघडून त्यांना आत ओढलं. दोघेही वाचले, चार दिवस दवाखान्यात होते. ती चूक माझी होती. तेव्हापासून मी मोहोळाकडे बघायच्या आधी सेक्रेटरींना पुढच्या सहा महिन्यांच्या कामांची यादी मागते.

काही धक्के आपल्या हातात नसतात. मधुबाज नावाचा शिकारी पक्षी आग्याच्या पोळ्यावरच झडप घालतो आणि त्यानंतर चवताळलेल्या माश्या खालच्या माणसांवर येऊ शकतात. म्हणून उंच मोहोळाखालीसुद्धा बाकडं, मुलांची घसरगुंडी, कुत्र्याची साखळी ठेवायची नाही. बांधलेल्या जनावराला पळता येत नाही, हे माणसं फार विसरतात.

याच कागदावर माणसांचीही नोंद करा. पूर्वी डंखाने अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला असं कुणाला झालंय का? झालं असेल तर त्या व्यक्तीने मोहोळ असेपर्यंत काय जवळ ठेवायचं ते डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्यावं. पटकन हलू न शकणारे आजी-आजोबा, पाळण्यातलं बाळ मोहोळालगतच्या खोलीत असेल तर खोली बदलता येते का ते बघा.

मग ठरवा

आग्या असेल आणि कागदावर धक्क्याचं काही ठोस निघालं नसेल, तर राहू द्या. ती कायमची येत नाही. आपल्याकडे साधारण पावसाळा संपल्यावर येते, फुलोरा असेपर्यंत राहते आणि पावसाळ्याच्या तोंडावर निघून जाते. जायच्या आधी पांघरूण विरळ होत जातं, पोळं उघडं पडू लागतं. एवढ्या काळात खाली दोन-तीन भाषांत पाटी लावा, शेजारच्या खिडक्यांना बारीक जाळी बसवा, आणि जे काम पुढे ढकलता येईल ते ढकला. माझ्या बघण्यातली बरीचशी मोहोळं या गटात मोडतात.

काम ढकलता येत नसेल, किंवा मोहोळ जिन्याच्या, शाळेच्या वर्गाच्या, दवाखान्याच्या दाराच्या अंगाशी असेल, तर ते हलवावं लागेल. इथे मला हातचं राखून बोलायचं नाही. आग्या पेटीत राहत नाही. "आम्ही मोहोळ शिफ्ट करतो" असं कुणी म्हणालं तरी प्रत्यक्षात पोळं कापलं जातं, पिलावा मरतो आणि माश्या उठून जातात. कधी टेकडीवर, कधी चार दिवसांनी परत त्याच छज्जाला. तरीही माणसाच्या जिवाला खरा धोका असेल तर हे करावं लागतं, आणि ते करणारा माणूस पोशाखात, रात्रीच्या वेळी, आजूबाजूच्या सगळ्या घरांना आधी सांगून, दिवे बंद करून करतो.

सातेरी भिंतीत असेल तर घाई कसलीच नाही, पण एक गोष्ट कधीही करू नका: माश्या आत असताना भोक सिमेंटने बंद करणं. एका घरात असं केलं आणि माश्या आतल्या बाजूने वाट काढत स्विचबोर्डमधून बेडरूममध्ये आल्या. वर आत मेलेल्या माश्या, वितळलेलं मेण, झिरपणारा मध आणि मुंग्या, हे महिनाभर चाललं. आधी माश्या आणि पोळी काढायची, मगच भोक बुजवायचं. फुलोरी कुंपणात असेल तर छाटणी महिनाभर थांबवली की काम झालं.

कुणाला बोलवायचं, काय विचारायचं

पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे, आणि महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. अशा ठिकाणी प्रशिक्षण घेतलेला मधपाळ तुमच्या भागात कोण, याची चौकशी तिथून सुरू करा. अग्निशमन दल, 101, हे माश्या उठल्यात आणि माणसं अडकलीत अशा वेळेसाठी.

येणाऱ्याला फोनवरच विचारा: औषध मारणार का? कापणार असाल तर पिलाव्याचं काय करणार? किती वाजता येणार? तुमच्याबरोबरच्या सगळ्यांना पोशाख आहे का? उंचीवर काम करायचा पट्टा आहे का? "मध आम्हाला द्या, फुकट काढतो" म्हणणाऱ्याला मी तरी नाही म्हणते. त्याची वेळ तुमच्या गरजेवर नाही, पोळ्यात मध किती भरला यावर ठरते, आणि टेंभा लावून माश्या जाळण्याकडे त्याचा कल असतो. कीटकनाशक मारणाऱ्यालाही नाही म्हणते. विष प्यायलेल्या माश्या खाली पडून दिवसभर तडफडतात, त्यांच्यावर पाय पडतात, आणि विषारी झालेलं पोळं कुणीतरी मध म्हणून घरी नेतं. फवारलेल्या पोळ्यातला मध कुणीही, एक थेंबही खायचा नाही.

तरीही मोहोळ उठलं तर

पळा. सरळ रेषेत, जवळच्या बंद होणाऱ्या जागेत: घर, दुकान, काचा वर असलेली गाडी. पळताना शर्ट, ओढणी, पिशवी, मिळेल त्याने तोंड आणि डोळे झाका. हात झटकू नका. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. आग्या बराच लांबवर पाठलाग करते, त्यामुळे "आता पुरे" म्हणून मधेच थांबू नका. चार माश्या बरोबर आत आल्या तरी दार लावा.

आत आल्यावर नांग्या काढा. मधमाशीची नांगी कातडीत राहून विष सोडत राहते, म्हणून नखाने काढा, एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा, कशानेही, पण लगेच. चुना, लोखंड, हळद यात वेळ घालवू नका. जागा साबणाने धुवा, बर्फ लावा, अंगठ्या-बांगड्या सूज येण्याआधी काढा. कपडे बदला, त्यांना तो गंध असतो.

ओठ, जीभ किंवा घसा सुजणं, आवाज बसणं, श्वास लागणं, अंगभर गांधी, उलट्या, चक्कर, यातलं काहीही दिसलं तर एका डंखानेसुद्धा जीव जाऊ शकतो. 108 ला फोन करा, माणसाला आडवं करून पाय वर ठेवा, श्वास लागत असेल तर बसतं ठेवा, आणि ॲड्रेनालिनचं इंजेक्शन मिळेल अशा रुग्णालयात न्या. ॲलर्जी नसली तरी चाळीस-पन्नास डंख झाले असतील, किंवा लहान मूल, म्हातारं माणूस असेल तर त्याहून कमीलाही, बरं वाटत असलं तरी रुग्णालयात जायचंच. जास्त विषाचा परिणाम स्नायूंवर आणि मूत्रपिंडावर नंतर दिसतो. लघवी गडद रंगाची झाली तर डॉक्टरांना लगेच सांगा.

माश्या गेल्यावर

रिकामं पोळं तसंच ठेवू नका. मेणाचा वास पुढच्या हंगामात नव्या माशांना त्याच जागी आणतो. आग्या तर वर्षानुवर्षं त्याच कड्याला, त्याच फांदीला परत येते. पूर्ण रिकामं झालंय याची दोन-तीन दिवस खात्री करा, मग अनुभवी माणसाकडून पोळं उतरवून मेण मुळापासून खरवडून घ्या, जागा गरम पाण्याने धुवा, वरून रंगाचा हात द्या. तिथे पुन्हा नकोच असेल तर छज्जाखाली ताणून जाळी बसवायची वेळ पावसाळा संपायच्या आधीची, सप्टेंबरपर्यंतची. ऑक्टोबरमध्ये पहिल्या माश्या जागा बघायला येऊ लागतात, तेव्हा शिडी लावायची नाही.

तुमची ती वही मात्र सोसायटीच्या कपाटात ठेवा. कुठल्या मजल्यावर, कुठल्या तारखेला आल्या, कधी गेल्या, मधे कुठली कामं थांबवली. पुढच्या वर्षी सेक्रेटरी बदललेला असेल, रंगाचा ठेकेदार नवा असेल. झुला उतरवायच्या आधी ते पान त्याच्या हातात पडायला हवं.